लाल खडूची फुली

माझे यजमान सुतार आहेत. आयुष्यात त्यांनी चार हजारांच्या वर घरं बांधली आणि त्यातल्या एकाही घरात कुणी राहिलं नाही.

शहराबाहेर एक मोठी पत्र्याची शेड आहे. पोलिसांच्या दहशतवादविरोधी तुकडीचा सराव तिथे चालतो. कुठे कुणाला ओलीस धरलं, कुठे बंद घरात हत्यारबंद माणसं लपली, की या तुकडीला बोलावतात. तुकडी दारातून आत शिरते. पण त्या खऱ्या दाराआधी ती शेकडो खोट्या दारांतून शिरलेली असते आणि ती खोटी दारं हे करतात. प्लाय, फळ्या, जुन्या चौकटी आणि वाळू भरलेले टायर एवढंच सामान. सकाळी दोन खोल्यांचं घर, दुपारी शाळेचा वर्ग, दुसऱ्या दिवशी बसचा सांगाडा. वापरून झालं की त्याच दिवशी मोडायचं आणि खिळे ठोकून सरळ करून डब्यात टाकायचे. एकोणीस वर्षं हेच.

वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, शेजारच्या घरात राहतात. त्या म्हणायच्या, "लोकांचे नवरे घर बांधतात ते राहायला. आमचा भाऊ बांधतो ते लाथा खायला."

"लाथा घर खातं ताई, मी नाही," हे म्हणायचे.

"वय होऊ दे, तुझीही पाळी येईल."

शेडमध्ये यांना सगळे मिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा यांना तिथे एका दिवसासाठीच बोलावलं होतं, एक दार दुरुस्त करायला. यांनी दार बसवलं, तुकडीने तोडलं, यांनी पुन्हा बसवलं. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा. तुकडीच्या साहेबांनी विचारलं, "राग नाही आला?" हे म्हणाले, "दार काय, तुमचंच आहे. बिजागऱ्या तेवढ्या जपून तोडायला सांगा, मिळत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून नोकरी लागली.

मी रोज वही लिहिते. सकाळी दिवा लावून जप झाला की काल काय झालं ते चार ओळींत. यांच्या कामाचं जे मला कळलं ते जेवताना यांच्या तोंडून आणि वर्षातून एकदा घरच्यांना शेड दाखवायला बोलावत त्या दिवशी. ते सगळं वहीत आहे. त्यातूनच हे लिहीत आहे.

तुकडीत यायला शंभर जण धडपडतात आणि आठ-नऊ उरतात. मला वाटायचं, बाकीचे पळण्यात गळत असतील, थंड पाण्यात, नाहीतर तीन-तीन दिवस झोपू देत नाहीत त्यात. हे म्हणाले, "तिथे थोडे गळतात. बरेचसे माझ्या दारात गळतात." दारात थांबला तो गेला. पहिल्याने आत शिरून डावीकडे जायचं, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने परत डावीकडे. उंबऱ्यावर पाय ठेवून खोली न्याहाळत बसायचं नाही. पहिले दोन महिने हातात बंदूकही देत नाहीत. रिकाम्या हातांनी दारातून आत, बाहेर, आत, बाहेर. मागच्याने पुढच्याचा खांदा दाबला की निघायचं, शब्द काढायचा नाही. इतक्या वेळा, की हाताला डोक्याची परवानगी मागावी लागू नये.

मग एक खुर्ची. कागदाची माणसं उभी करतात, कुणाच्या हातात बंदूक चितारलेली, कुणाच्या हातात पिशवी, आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर तुकडीतलाच एक जिवंत माणूस बसवतात, ओलीस म्हणून. बाकीचे दार तोडून आत येतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कागदांवर खऱ्या गोळ्या झाडतात. खुर्चीवर पाळीपाळीने सगळे बसतात. साहेबसुद्धा. ज्याच्या कानाजवळून आपण गोळी मारली, उद्या तो आपल्या कानाजवळून मारणार. विश्वास असा शिकवतात.

मी पाहिलं त्या वर्षी खुर्चीवर टाचणी होता. अंगाने सडपातळ, हालचालीला टोकदार, म्हणून टाचणी. तो हातात संत्रं सोलत बसला होता. दार फुटलं, आवाज झाले, धूर झाला. मी मनात मोजत होते, चार आकडे झाले. धूर गेला तेव्हा तो तसाच बसलेला. मला साल दाखवून म्हणाला, "वहिनी, बघा, एकसंध निघाली."

आत सगळ्यांत आधी शिरला होता तो भिंत. उंच, रुंद, बोलायला कमी. भिंत पहिला, टाचणी दुसरा, सहा वर्षं हीच जोडी. दोघे कधी कधी आमच्याकडे जेवायला यायचे. भिंत दारातून वाकून आत यायचा आणि टाचणी मागून म्हणायचा, "मिस्त्री, घरचं तरी दार मापाचं करा. हा माणूस रोज तुमच्या चौकटीला नमस्कार करतो."

"मी माणसाच्या मापाची दारं करतो," हे म्हणायचे. "हा कपाटाच्या मापाचा आहे."

भिंत हसायचा आणि ताटावर बसायचा.

आता त्यांच्या बैठकीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या बैठकीवर आहे. प्रत्येक सरावानंतर आणि प्रत्येक खऱ्या कामानंतर तुकडी गोल बसते. टोप्या काढून खाली ठेवतात, म्हणजे मोठा-लहान नाही. प्रत्येकाने आधी आपली चूक सांगायची. आपली सांगितल्याशिवाय दुसऱ्याची काढायची नाही आणि सामानाची, जागेची तर नाहीच. कुणी म्हणालं की प्रकाश कमी होता, दोर जाड होता, तर सगळे एका सुरात म्हणतात, "अंगण वाकडं!" नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलं. मग तो गप्प होतो. या बैठकीत सुतार बसत नाही. सुतार तेव्हा बाहेर घर मोडत असतो.

आणि खडूचं. खोटं घर खऱ्यासारखं करायचं, पण सगळं जमतंच असं नाही. खऱ्या घरात खिडकी असते, शेडमध्ये तिथे खांब येतो. जिथे खोटं खऱ्याहून वेगळं, तिथे यांनी छातीच्या उंचीवर लाल खडूने फुली मारायची आणि साहेबांना तोंडी सांगायचं. फुली दिसली की तुकडीतल्या प्रत्येकाने तिला हात लावून पुढे जायचं, म्हणजे हाताला कळतं की इथे उद्या वेगळं आहे. हा नियम यांनीच घातलेला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं लाल असायची. शर्टाच्या खिशात खडूचा नखाएवढा तुकडा उरलेला असायचा. धुवायच्या आधी खिसे तपासायची मला सवय.

तो दिवस बुधवार होता. सकाळी साडेसातला फोन आला. हे चहा अर्धा ठेवून निघाले. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन हत्यारबंद माणसांनी एक कुटुंब कोंडलं होतं, आई-वडील आणि मुलगी. इमारतीच्या कार्यालयातून घराचा नकाशा मिळाला. तीन तासांत तसं घर शेडमध्ये उभं करायचं आणि तुकडीने त्यात सराव करून मग खऱ्या घरी जायचं.

मी घरात केर काढत होते. दिव्याची फळी यांनीच भिंतीला बसवली आहे, तिचा एक स्क्रू निघून फळी एका बाजूला लोंबली. दिवा मी वेळेवर धरला. तेल सांडलं. कामाच्या वेळी यांना फोन करायचा नाही हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. एकोणीस वर्षांत मी दोनदा केला होता, एकदा सासूबाई गेल्या तेव्हा आणि एकदा वन्सं जिन्यात पडल्या तेव्हा. त्या दिवशी तिसऱ्यांदा केला. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अहो, देवाची फळी निखळली. दिवा कुठे ठेवू?"

"खाली ठेव."

"खाली कसा ठेवू? देवाचा दिवा जमिनीवर?"

"अगं, मग ओट्यावर ठेव. मी संध्याकाळी बघतो."

"स्क्रू कुठला आणायचा, सांगता का? मोठा की..."

"संध्याकाळी," हे म्हणाले. मागे कुणीतरी मिस्त्री, मिस्त्री म्हणून हाक मारत होतं. फोन बंद झाला. मी दिवा ओट्यावर ठेवला.

एकच्या सुमारास बातम्यांत सांगितलं, कुटुंबातले तिघेही सुखरूप, दोन्ही हल्लेखोर ठार, एक पोलीस शहीद. नाव सांगितलं नाही. नाव संध्याकाळी यांनी सांगितलं. म्हणाले, "टाचणी गेला." आणि मोरीत जाऊन हात धुतले. हात धुवायला काही नव्हतं, बोटं स्वच्छ होती. मला ते तेव्हा दिसलं, पण कळलं काही नाही.

मी जेवण वाढलं. हे जेवले. मीही जेवले. वहीत त्या दिवशी मी लिहिलंय, 'टाचणी गेला. फळी निखळली. तेल आणायचं.' दुसरं काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला घेतला. खिशात खडू होता. पूर्ण, नवा, टोकही झिजलेलं नाही. खिशाच्या आतल्या शिवणीला थोडा लाल रंग. मी तो खडू काढून खिडकीत ठेवला आणि शर्ट भिजत घातला.

टाचणीच्या अखेरच्या निरोपाला आम्ही दोघे गेलो. रांगेत उभे राहिलो. टाचणीची बायको एका खुर्चीवर बसली होती आणि तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. मी तिचा हात धरला, काय बोलले ते आठवत नाही. हे माझ्या मागे होते. पाळी आली तेव्हा ते तिच्यासमोर उभे राहिले आणि पुढे सरकले.

नंतर दहा-बारा दिवस घरात सगळं रोजच्यासारखं चाललं. हे कामावर जायचे, यायचे. दिवा ओट्यावरच होता. मी जप करायची, पण माळ हातातून फिरायची तेवढंच. तोंड चालू, आत काही नाही. वन्सं एकदा येऊन म्हणाल्या, "दोघं अशी बसलायत, जसं काही घरात सामान ठेवलंय."

मग एके दिवशी दुपारी भिंत आला. एकटा. दारातून वाकून आला आणि मागून कुणी काही बोललं नाही. मी चहा ठेवला. यांची सुट्टी होती, हे समोर बसले होते.

"मिस्त्री, सांगायला आलो. मी तुकडीतून निघतोय," भिंत म्हणाला. "बंदोबस्ताच्या कामावर टाकलंय. सोमवारपासून."

"का?" हे म्हणाले.

"बैठक झाली ना. मागच्या खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं, पॅसेजमध्ये. ओढायला पाहिजे होतं. मी खांद्याने ढकललं. हललं नाही. मग परत ढकललं. मग ओढलं." त्याने चहाचा कप उचलला आणि ठेवला. "दीड सेकंद गेला. आतल्याने दारातूनच गोळ्या सोडल्या. मला एक लागली ती जाकिटावर. टाचणी माझ्या बगलेतून वाकून उभा होता, नेहमीसारखा. त्याला मानेत लागली."

मी ओट्याशी उभी होते.

"सरावात ते दार आत ढकलायचं होतं," भिंत म्हणाला. "सात वेळा ढकललं आम्ही. तिसऱ्या जागेवरचा बैठकीत म्हणायला लागला, पण सरावाचं दार तर... तेवढ्यात सगळे म्हणाले, अंगण वाकडं. मीच पहिला म्हणालो. बरोबरच आहे. नकाशात चूक असू शकते. पण डोळे कशाला दिलेत? बिजागऱ्या बाहेरून दिसत होत्या. बिजागरी दिसली की दार आपल्याकडे येतं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुम्हीच शिकवलं होतं, मिस्त्री."

"हो," हे म्हणाले.

"तर चूक माझी. सांगितली. साहेब म्हणाले, पहिल्या जागेवर तू आता नको. मी म्हणालो, बरं."

यांचा हात टेबलावर होता. अंगठ्याचं नख लाकडाच्या रेषेवरून पुढे-मागे फिरत होतं. भिंतने चहा संपवला. जाताना मला म्हणाला, "वहिनी, टाचणीला दिलेला तुमचा एक डबा माझ्याकडे राहिलाय. आणून देईन." आणि चौकटीला डोकं लागू न देता वाकून गेला.

तो गेल्यावर मी खिडकीतला खडू आणून यांच्यासमोर ठेवला.

"हा त्या दिवशीच्या खिशात होता," मी म्हणाले. "पूर्ण आहे."

हे खडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नकाशात चूक नव्हती."

मी बसले.

"नकाशात दार बाहेरच उघडणारं होतं. मला दिसलं होतं. पण शेडमध्ये त्या पॅसेजला टायरची भिंत लागून होती, वीतभर जागा. दार त्या बाजूला उघडूच शकत नव्हतं. ती भिंत हलवायला चार तास लागले असते. म्हणून मी चौकट उलटी लावली. आत उघडणारी. म्हटलं, फुली मारू आणि साहेबांना सांगू. खडू हातात घेतला होता."

"आणि मी फोन केला."

"खडू खिशात टाकून फोन घेतला. ठेवला तोवर पलीकडून हाक आली, खिडकीचा प्लाय सुटला होता. तिकडे गेलो. परत आलो तर तुकडी आत शिरत होती. सराव चालू झाला की सुतार मध्ये जात नाही. म्हटलं, संपल्यावर सांगतो. संपलं आणि ते धावतच गाड्यांकडे गेले. मला वाटतं, मी साहेबांच्या मागे चार पावलं गेलो होतो. नक्की आठवत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर मी घर मोडलं. रोज मोडतो तसं. तेव्हा कुठे काय झालंय ते माहीत नव्हतं. ते दार मीच उतरवलं. खिळे सरळ केले."

म्हणजे आता दाखवायला काही उरलं नव्हतं. ते दार कसं लागलं होतं आणि का लागलं होतं, हे जगात फक्त यांना माहीत होतं आणि आता मला.

वन्संना सांगावं लागलं, कारण त्या संध्याकाळी त्या येऊन बसल्या आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून उठेनात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तो पोरगा गेला तो येणार आहे का परत?"

"नाही," हे म्हणाले.

"मग? त्या भिंतीनं स्वतःहून अंगावर घेतलंय. तुला कुणी विचारलं? नाही ना? मग आपणहून कशाला विंचवाच्या बिळात बोट घालतोस?"

"ताई, तो रस्त्यावर उभा राहणार सोमवारपासून."

"उभा राहील. धडधाकट आहे."

"चूक त्याची नाही."

"बिजागऱ्या दिसत होत्या म्हणे ना? मग थोडी त्याचीही आहे की."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय बोलत नाहीस? तुझा देव काय म्हणतो?"

खरं सांगायचं तर मला आतून काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं मी देवाला हाक मारते, त्या दिवसांत तिकडून काही आलं नाही आणि मला त्याचं दुःखही झालं नाही. पण यांच्या बैठकीचा नियम मला पाठ होता. मी म्हणाले, "वन्सं, आधी आपली चूक सांगायची असते. माझी मी सांगते. मी फोन करायला नको होता."

"झालं! आता ही पण," वन्सं म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी थांबल्या. भावाला म्हणाल्या, "जाशील तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून जा. असा नको जाऊस."

मी रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवली. हे शनिवारी सकाळी गेले. सोमवारच्या आधी जायचं होतं. खडू खिशात नेला. मी दिवसभर काय केलं ते वहीत आहे. गाद्या उन्हात टाकल्या, डबे पुसले, भाजी निवडली. एकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

तिथे काय झालं ते यांनी आल्यावर सांगितलं, तसंच लिहिते.

सरावानंतरची बैठक बसली होती. हे दाराशी जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, "मिस्त्री, काही पाहिजे का?" हे म्हणाले, "मला बसायचंय." सगळे बघायला लागले. भिंत होता, त्याचा शेवटचा दिवस. साहेबांनी जागेकडे हात केला. हे गोलात बसले. काढायला टोपी नव्हती, म्हणून कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. शेजारी खडू ठेवला.

आणि मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. नकाशा, टायर, उलटी चौकट, खडू, फोन. म्हणाले, फोन घरून आला होता, पण फोन संपल्यावर खडू खिशातून काढायचं काम माझं होतं.

कुणी अंगण वाकडं म्हणालं नाही. या वेळी अंगण खरंच वाकडं होतं.

मग साहेब म्हणाले, "नकाशा माझ्याही हातात होता. मी खिडक्या बघितल्या. दाराची खूण बघितली नाही. माझी चूक." मग तिसरा म्हणाला, "मी बोलायला लागलो होतो आणि गप्प बसलो. माझी चूक." असं गोल फिरत फिरत भिंतपर्यंत आलं. भिंत म्हणाला, "बिजागऱ्या दिसत होत्या. माझी चूक तीच आहे. बदललेली नाही."

साहेबांनी त्याला विचारलं, "परत येतोस पहिल्या जागेवर?"

भिंतने आपला उजवा हात बघितला. म्हणाला, "आता दार दिसलं की हात विचार करतो, साहेब. विचार करणारा हात पहिला चालत नाही."

तो सोमवारी रस्त्यावरच्या कामावर गेला. मी एकदा भाजी आणायला गेले तेव्हा त्याला चौकात बघितलं, सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतो. त्याने हात केला. डबा त्याने नंतर वन्संकडे आणून दिला, आमच्याकडे आला नाही.

यांची चौकशी झाली, दोनदा कागद लिहून घेतले. सहा आठवडे घरी बसवलं. मग परत बोलावलं. बिजागऱ्या न मोडता तुटेल असं दार बसवायला दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, एवढंच. नियम एक नवीन झाला, दाराला फुली आहे की नाही हे पहिल्याने आणि सुताराने मिळून तपासल्याशिवाय सराव सुरू करायचा नाही. कामाच्या वेळी यांचा फोन आता फाटकावर जमा असतो. मला नंबर लावायचा असला तरी लागत नाही.

आणि नवीन तुकडी भरती झाली की पहिल्या दिवशी, पळण्याच्याही आधी, यांना त्यांच्यासमोर उभं करतात. हे म्हणतात, "मी सुतार. आधी माझी चूक सांगतो." आणि तो दिवस पहिल्यापासून सांगतात. शंभरेक पोरं उभी राहून ऐकतात. आत्तापर्यंत तीनदा झालं. मी विचारलं, सांगून हलकं वाटतं का? हे म्हणाले, "नाही. दार बसवल्यासारखं वाटतं. ते तोडणार, परत बसवायचं."

यांना घरी बसवलं होतं त्या दिवसांत यांनी दिव्याची फळी लावली. चार स्क्रू मारले. दिवा वर गेला.

एक राहिलंय, ते लिहून संपवते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, हे म्हणाले, "तिलाही सांगायला पाहिजे. तू येशील?" आम्ही टाचणीच्या घरी गेलो. छोटं घर, दोन खोल्या. भिंतीला त्याची शिडी टेकून ठेवलेली, अर्ध्या भिंतीला रंग दिलेला, अर्धी तशीच. तिने खुर्च्या दिल्या. यांनी उभ्यानेच सांगितलं. ती ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. चेहरा माझ्या चेहऱ्यासारखाच होता, असं मला वाटलं.

सगळं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "दीड सेकंद म्हणजे किती?"

हे म्हणाले, "बंद दार दोनदा ढकलायचं आणि मग ओढायचं. त्याला लागतो तेवढा."

ती उठली. आतल्या खोलीचं दार बंद होतं, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोनदा ढकललं. ते हललं नाही, कारण ते आपल्याकडेच उघडणारं होतं. मग ओढलं. दार उघडलं. आत पलंग होता, त्यावर घडी न घातलेले कपडे.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच," हे म्हणाले.

ती दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हे खाली घासतं. त्यांना किती दिवस सांगत होते."

यांनी दाराखाली वाकून बघितलं. रंधा सोबत आणला नव्हता. घरी जाऊन घेऊन आले, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालची कड तासली आणि परत बसवलं. मी आणि ती तोवर पलंगावरच्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. मग आम्ही घरी आलो.